वरच्या पानाची साखर

मित्रांनो, मी गव्हाचा एक सुकडा दाणा आहे. पाठ सुरकुतलेली, पोट खपाटीला गेलेलं. रोह्याजवळच्या वरसे गावात, रंभाकाकूंच्या देवघरातल्या पितळी डबीत बसून मी थंडीची वाट पाहतो आहे.

माझं कूळ बन्सी गव्हाचं. रंभाकाकूंची थोरली बहीण अनिता पेणला रामवाडीत राहते. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. नवरात्रात घटासाठी तिनेच मूठभर बन्सी दिला. उरलेले दाणे काकूंनी थंडी पडताच अंगणातल्या जुन्या टबात पेरले, शेजारच्या टबात रेशनचा गहू. देवीपुढे हात जोडून म्हणाल्या, "माय, तायला दिसू दे. घरी पिकवलेल्या बन्सीच्या कणकेचा दिवा लावीन तुला."

ओंबी बाहेर आली तेव्हा मी दुधाच्या थेंबाएवढा होतो. ओंबीखालचं सर्वात वरचं पान म्हणजे आमची चूल. तिथे उन्हावर साखर शिजायची आणि काडीतून घोट घोट माझ्यापर्यंत यायची. त्या साखरेचंच पुढे पीठ होतं.

पण काकूंचा नेम असा, की आंघोळ झाली की देवीला हिरवं पान वाहायचं. दोन्ही टबांतलं वरचंच, कोवळं पान त्या खुडत.

सून नमिता एकदा म्हणालीच, "आई, रोज वरचंच पान खुडताव, दाणं पोसायचं कशावर?"

"मग देवीला खालचं पिवळं वाहू? तुला चालंल गो, माझ्या लेकाला शिळी भाकर वाढतेस ती!"

"तुमचा लेक डोलवीच्या कारखान्यातल्या शिफ्टवरून कवा येल त्याचा नेम नाय. भाकर शिळी व्हायचीच!"

दोघी हसल्या. आमची चूल मात्र विझली. रेशनच्या गव्हाने काडीत साखर साठवली होती, ती त्याच्या दाण्यांना पुरली. आम्हा बन्सीवाल्यांकडे तसा साठा नव्हता. आमच्याच टबातल्या शेजारच्या ओंबीतले अर्धे दाणे चिमण्यांनी दुधातच टिपले, तर उरलेले टपोरे झाले. वाटेकरी कमी ना! आमच्या ओंबीत सगळे होतो आणि सगळेच अर्धपोटी. रोज सकाळी मी काडीकडे कान लावून बसायचो. साखर यायची नाही.

फाल्गुनात कापणी झाली. पाखडताना हलके दाणे सुपाबाहेर उडाले. मीही उडालो आणि तुळशीच्या पायाशी फटीत पडलो. सुपात बन्सी ओंजळभरही उरला नाही.

"पानं देवीलाच वाहिली नि देवीचाच दिवा उपाशी ठेवला गो मी," काकू पुटपुटल्या. मला किती वाटलं, त्या कणकेत आपणही असावं!

चैत्रात ऑपरेशन करून अनिता आली. दिवा झाला तो जेमतेम अंगठ्याएवढा.

"येवढाच झाला गो ताय." काकूंची मान खाली.

"मला दिसला ना? मग?" काळा चष्मा काढून अनिता तुळशीला नमस्कार करायला वाकली आणि थबकली. "रंभे, ह्यो बघ! दाणा पडलाय. आपल्या बन्सीचा हाय."

नमिताच्या झाडूला न सापडलेल्या मला अनिताने दोन बोटांत उचललं. काकूंनी मला बघितलं, मग ताईच्या डोळ्यांकडे. त्यांना रडूच फुटलं.

"थंडीत पेरू ह्याला," त्या म्हणाल्या. "या वेळी पान नाय खुडणार."

मित्रांनो, देवाला जास्वंद वाहा, तगर वाहा. ओंबीखालचं पान तेवढं राहू द्या. असा सुकडा मी रुजेन की नाही, ठाऊक नाही. पण रुजलोच, तर माझ्या दाण्यांना पोटभर साखर मिळावी आणि त्यांचा दिवा चांगला वाटीएवढा व्हावा, एवढीच आस आहे.