ढब्बूचं पडणं

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा पडली, तेव्हा खरोखरच पडली होती. नव्या सँडलची टाच स्टेजच्या फटीत अडकली आणि चौघींच्या ग्रुपमधली ही सगळ्यात जाडी, सगळ्यात गोड गळ्याची मुलगी परीक्षकांच्या पुढ्यात सपशेल आडवी झाली. एका परीक्षकाला हसू आवरेना. त्या ढब्बूला उचला कुणीतरी, असं तो माइकवर म्हणाला आणि त्या दिवसापासून तिचं खरं नाव पुसलं गेलं ते गेलंच.

त्या आठवड्यात त्यांच्यावर मतांचा पाऊस पडला. पुढच्या आठवड्यात त्या नीट गायल्या, कुठे चुकल्या नाहीत, आणि बाहेर पडता पडता वाचल्या. तेव्हा ग्रुपमधल्या सगळ्यात मोठीने, जिला बाकीच्या ताई म्हणत, तालमीच्या खोलीचं दार लावून घेतलं. ढब्बूने दर गाण्यात एकदा पडायचं, ढकलायचं काम मी करीन, असं तिने सांगून टाकलं. उरलेल्या दोघी एकसारखे कपडे घालून कायम जोडीने फिरायच्या. त्यांनी माना डोलावल्या. ढब्बूनेही डोलावली. जिंकायचं तिलाही होतंच.

आणि त्या जिंकल्या. मग गावोगावचे कार्यक्रम, जाहिराती, हॉटेलं. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत एकमेकांना ढकलून ढब्बू-ढब्बू खेळू लागली. तिचे गुडघे बाराही महिने काळेनिळे असायचे. तिच्या वाट्याच्या ओळी हळूहळू ताईकडे गेल्या, कारण पडून उठलेल्या बाईला धाप लागते. दुसऱ्या वर्षी एका कार्यक्रमाआधी तिने धीर एकवटून सांगितलं, की आजपासून पडणार नाही, गाणार.

ताईने आरशावरून नजर हटवली नाही. "गायला आम्ही तिघी आहोत की," ती म्हणाली.

ढब्बूने तोंडावरचा रंग पुसला, पिशवी उचलली आणि चालती झाली. तिच्यामागे ग्रुप फार तग धरू शकला नाही. नुसत्या गाणाऱ्या तिघींना कोण विचारतं? जोडी आपापसांत भांडून फुटली आणि ताईने मुलाखतींतून सगळं खापर ढब्बूच्या डोक्यावर फोडलं.

पुढे ढब्बूचं लग्न झालं, मुलगी झाली. एका शाळेत ती गाणं शिकवू लागली. अंगाने निम्मी झाली, त्यामुळे कुणी ओळखतही नसे. अशी बरीच वर्षं गेल्यावर एका दुपारी ताई दारात उभी. केस रंगवलेले, आवाज बसलेला. चौघींना पुन्हा एकत्र आणायचं चॅनेलने ठरवलं होतं. ढब्बूने अट घातली: पडणार नाही, आणि एक गाणं अख्खं एकटी गाईन. ताईने तिच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. नवरा म्हणाला, राहून गेलंय ते गाऊन घे एकदा.

हॉल खचाखच भरला होता. ढब्बू गायली, आणि सुरेख गायली. इतकी वर्षं मुलांना शिकवून गळा चांगला तयार झाला होता. पण दुसऱ्या कडव्यात तिला पहिल्या रांगेतला माणूस जांभई देताना दिसला. कुणी फोन काढला, कुणी पाणी प्यायला उठलं. ती डोळे मिटून गात राहिली. तेवढ्यात पाठीत दोन्ही हातांचा धक्का बसला.

ती डाव्या मनगटावर पडली. काडकन आवाज तिला एकटीलाच ऐकू आला, कारण सगळा हॉल उभा राहून हसत होता, शिट्ट्या मारत होता. पहिल्या रांगेत तिची मुलगीही पोट धरून हसत होती. आईचं हे रूप तिने कधी पाहिलंच नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये ताई आली, ती स्टेजवरच्या कपड्यांतच. नवरा तिच्या अंगावर धावून गेला. ढब्बूने त्याला मुलीला घेऊन बाहेर बसायला सांगितलं.

"तू शब्द दिला होतास," ढब्बू म्हणाली.

"दिला होता. पण लोक उठून चालले होते, ढब्बू. तूही पाहिलंस." ताईने खुर्ची ओढली. "आता चॅनेलला आणखी वीस गावं हवी आहेत. तू नसशील तर एकही नको म्हणतात."

ढब्बूने प्लास्टरमधला हात उशीवर ठेवला. खोटं बोलतेस, असं तिला म्हणायचं होतं. पण जांभई तिने पाहिली होती.

"डावीकडून ढकलत जा," ती म्हणाली. "हा हात जुळायला वेळ लागेल."