आबांची पितळी पट्टी

ज्या माणसानं माझी बढती पळवली, त्यालाच रविवारी जेवायला बोलवायची अवदसा माझ्या बायकोला, मीनलला आठवली. "यशोधन, नवा बॉस आहे तुझा, जरा गोड वाग," म्हणे. गोड! अकरा वर्षं मी या कंपनीत घासली आणि प्रमुखाची खुर्ची ग्रॅहमला.

हा ग्रॅहम ऐन तरुणपणी हाँगकाँगला इंग्रज सरकारचा अधिकारी होता. सत्त्याण्णव साली ते सरकारच गेलं, तसा हा सिंगापूरला आला आणि देशोदेशीच्या कंपन्यांना कारखान्यांसाठी जमिनी मिळवून देण्याच्या धंद्यात शिरला. राज्य गेलं तरी हा साहेबच राहिला.

माझे वडील, आबा, महिनाभरासाठी सिंगापुरात टॅम्पिनीसला आमच्याकडे आले होते. कराडला छत्तीस वर्षं सरकारी मोजणीदार. इथं खिडकीशी बसून असायचे, विचारलं तेवढंच बोलायचे.

ग्रॅहम दारात दिसला आणि आबा ताडकन उठले. साहेब बसल्याशिवाय आपण बसायचं नाही, ही नोकरीतली सवय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आबा, बसा हो, हे काय तुमचं ऑफिस आहे?" आबा हलेनात. तर ग्रॅहमही उभाच! "आधी तुम्ही," तो इंग्रजीत म्हणाला. शेवटी दोघं एकदमच बसले.

मीनलनं आबांच्या नोकरीचं सांगितलं, तसं त्यानं विचारलं, "दोन भाऊ बांधावरून भांडत असले, तर तुम्ही मोजणी कुठून सुरू करायचात?"

झालं! आबांचं मोडकंतोडकं इंग्रजी धो धो वाहू लागलं. हद्दीचे दगड सरकवणारे, मोजणीच्या साखळीवर पाय देऊन उभे राहणारे, सगळे निघाले. ग्रॅहम हाँगकाँगच्या खेड्यांतले थडग्यांच्या जागेवरचे तंटे सांगत होता. भरली वांगी मी वाढत होतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कारटं म्हणतात. आमच्याकडे बाब्या तो आणि कारटं मी!

"आजोबा सो चॅटी टुडे, ला!" श्रिया माझ्या कानात तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. लेकीचं ते बोलणं ऐकून मी आणखीच जळलो.

तो निघताना आबांनी आतून पितळी पट्टी आणली. नकाशावरची अंतरं मोजायची, जन्मभर खिशात वागवलेली, आकडे झिजलेली. ग्रॅहमनं ती दोन्ही हातांनी घेतली.

दार लागलं आणि मी फुटलो. "पोटचा मुलगा मी, आणि पट्टी त्याला? माझी खुर्ची घेतली त्यानं, आबा!"

आबा गोंधळले. "तुझ्यासाठीच आणली होती रे. आल्या दिवशी तुझ्या हातात दिली, तर तू म्हणालास, एवढ्या लांब हे भंगार कशाला आणलंत?"

म्हणालो होतो. फोनवर बोलता बोलता फ्रिजवर ठेवूनही दिली होती.

आबा परत खिडकीशी जाऊन बसले. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली. "आबा, सांगा ना, मोजणी कुठून सुरू करायची?"

"सगळं सांगितलंय ग्रॅहमसाहेबांना," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी साधेपणानं. "उद्या ऑफिसात भेटतीलच, त्यांना विचार."