कोकिळाबाईंच्या दंडातला दाणा

आंजीच्या कोकिळाबाई जामच्या फाट्यावर एसटीतून उतरल्या, जयवंताच्या ओसरीवर टेकल्या आणि चहाचा पहिला घोट घेणार तोच मोबाईल वाजला.

"आई, जामले काय करून राह्यली तू? त्या बाईच्या घरी जाऊ नको म्हटलं होतं ना?" पिपरी मेघेहून त्यांचा मुलगा रजत ओरडत होता.

शेताच्या बांधावरून कोकिळाबाई आणि जयवंता यांच्या घरांत वैर आलं, जयवंता लेकीकडे जामला राहायला गेली. पण या दोघी बालमैत्रिणी चोरून भेटत. आज इथं येणार हे कोकिळाबाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"तुले कोणं सांगतलं?"

"तुह्या दंडात चिप आहे. मोबाईलवर सारं दिसते. काळजी वाटते म्हणून बसवली."

त्यांचा हात दंडाकडे गेला. दिवाळीत रजतने ताकदीचं इंजेक्शन म्हणून वर्ध्याच्या एका दवाखान्यात नेलं होतं. तेव्हापासून कातडीखाली तांदळाएवढा दाणा लागत होता.

जयवंताने तो चाचपला. "बैलाच्या कानातला बिल्ला दिसते तरी. हे तं चोरीच झाली वं!"

कोकिळाबाईंचं डोकं फिरलं. निघणाऱ्याला 'कुठं' विचारलं की काम मोडतं, म्हणून त्यांच्या सासूबाई कधी विचारत नसत. तोंडाच्या फटकळ, पण बाहेर निघालेल्या नव्या सुनेलाही नुसतं 'येजो', म्हणजे ये परत, एवढंच म्हणत. आणि पोटचा पोरगा दिवसरात्र कातडीखालून 'कुठं, कुठं' करत होता!

चहा तसाच ठेवून त्या थेट पिपरी मेघेला गेल्या.

"काढ हे."

"आई, उद्या हरवली तं?"

"मले तोंड आहे, पत्ता सांगन. एवढी काळजी आहे तं तूही बसव. मोबाईल अंकिताजवळ देजो."

सून अंकिता लगेच म्हणाली, "बसवाच. ऑफिसातून निघालो म्हणता, तेव्हा असता कुठं ते तरी समजन."

"माह्या मागं असं कोणी लागलेलं मले चालणार नाई!" रजत उसळला.

"मंग मले काऊन चालन रे?"

रजतने गाडीची चावी उचलली. संध्याकाळी त्याच दवाखान्यात दाणा निघाला. रजत खाली मान घालून बसला होता.

सकाळी दंडावर पट्टी असतानाच कोकिळाबाईंनी चप्पल घातली.

"कु..." रजतच्या तोंडातून निघालं.

त्यांनी मागं वळून पाहिलं. नुसतं पाहिलं.

"येजो, आई," तो म्हणाला.