साडेपाचशे घोडे आणि एक गतिरोधक

मला सुरू केलं की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी बिचकून दूध चोरतात, म्हणून आधीच माफी मागते. मी गावचे पुढारी उदयसिंहदादा यांची काळी सेडान. माझ्या पोटात साडेपाचशे घोड्यांचं बळ आहे आणि गेलं दीड वर्ष मी एका शेडमध्ये उभी आहे. सध्या माझ्या बॉनेटवर एक कोंबडी राहते.

जन्म माझा जर्मनीतला. रस्ता सपाट असतो, एवढंच मला तिथं शिकवलं. पहिल्या मालकांनी पुण्यात मला जादा शिकवणी लावली. इंजिनाच्या संगणकात नवा प्रोग्राम घातला, सायलेन्सरच्या जागी दोन रुंद नळकांडी बसवली आणि उंची कमी करून मला जमिनीपासून चार बोटांवर आणलं. 'पावणेचार सेकंदांत शंभर गाठते,' असं सांगून त्यांनी मला दादांना विकलं. मंद्रूपजवळच्या दादांच्या गावात शंभर कुठे गाठायचे, हे कोणी विचारलं नाही.

गावापासून हमरस्ता तीन किलोमीटर, वाटेत तीन गतिरोधक. प्रत्येकाशी सगळे खाली उतरायचे. दोघं डिकीतून फळ्या काढून चाकांपुढे टाकायचे आणि उरलेले ओणवे होऊन माझ्या पोटाखाली बघत म्हणायचे, "येऊ द्या दादा, येऊ द्या." आम्ही हमरस्त्याला लागेपर्यंत हारूनभाईंची वडाप जीप पंधरा माणसं आणि दोन शेळ्या घेऊन सोलापुरात पोचलेली असायची.

हमरस्त्यावर मात्र दादा मला मनापासून चालवायचे. ॲक्सिलरेटर दाबला की त्यांची पाठ सीटला चिकटायची, चेहऱ्यावर लहान मुलाचं हसू यायचं. मग पहिल्याच ढाब्याशी चहाला थांबायचे.

दादांचा वाढदिवस आला. शाळेसमोर तीस फुटी फ्लेक्स लागला. पण मोटारसायकलवाले वर न बघताच निघून जायचे. दादांचा उजवा हात संगमेश. त्यानं उपाय काढला : फ्लेक्सच्या बरोबर खाली नवा गतिरोधक.

"दादांच्या नावाचा हाय, बारका कसा चालंल?" असं म्हणत त्यानं तो वीतभर उंच केला. लोक थांबले, वर बघू लागले. दादा खूश झाले.

वाढदिवसाच्या भाषणात दादांनी जाहीर केलं, "उद्या आपल्या वैष्णवीची सोलापुरात पोलीस भरती हाय. तिला मी सोता माझ्या गाडीतनं ग्राउंडवर सोडणार."

वैष्णवी म्हणजे शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सोनाबाईंची मुलगी. दोन वर्षं ती रोज सकाळी माझ्याच रस्त्यानं धावत होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती, आणि ग्राउंडचं गेट सातला बंद होणार होतं.

"जीपनं जाती की ती, दादा. तुमास्नी कशाला तरास?" सोनाबाई म्हणाल्या.

"जाहीर झालंय, मावशी."

सकाळी सहाला वैष्णवी माझ्या चामड्याच्या सीटवर अंग चोरून बसली. शाळेपाशी आलो. फळ्या टाकल्या, त्या कडकन मोडल्या, आणि मी पोटावर बसले. साडेपाचशे घोडे जागच्या जागी पाय झाडू लागले.

"दादा, स्पोर्ट मोडवर टाका," संगमेश म्हणाला.

"टाकलाय रं."

रबराचा वास सुटला. मागे हारूनभाईंची जीप येऊन थांबली. सव्वासहा झाले होते.

"दादा, विमान घेतलंया तुमी," हारूनभाई शांतपणे म्हणाले. "त्याला धावपट्टी लागती. हितं कुटं आनलं?"

वैष्णवीनं घड्याळ बघितलं, प्रवेशपत्राची पिशवी छातीशी धरली आणि उतरली. "दादा, मी जाते."

"अगं, फोटो तरी काढू," संगमेश म्हणाला.

ती जीपमध्ये चढलीसुद्धा. हारूनभाईंनी शाळेच्या मैदानातून जीप काढली आणि पलीकडे पुन्हा रस्त्यावर घेतली. सातला तीन मिनिटं कमी असताना ती गेटातून आत गेली, हे मला नंतर कळलं. मला मात्र बारा माणसांनी ढकलत परत बंगल्यावर आणलं.

पुढच्या ग्रामसभेत दादा स्वतःच म्हणाले, "तेवढा शाळेपुढचा गतिरोधक काढू या."

सोनाबाई उठल्या. "असू दे की, दादा. पोरं आता निवांत रस्ता वलांडत्यात. आन् तुमच्या नावाचा हाय त्यो, फोडायचा कसा?"

टाळ्या पडल्या. दादांनाही वाजवाव्या लागल्या. तेव्हापासून मी शेडमध्येच आहे.

गेल्या महिन्यात वैष्णवी ट्रेनिंगमधून सुट्टीवर आली. खाकीत, हारूनभाईंच्या जीपमधून. दादांना पेढा द्यायला आली तेव्हा शेडमध्ये डोकावली आणि माझ्या काचेवरची धूळ बोटानं पुसत म्हणाली, "तुझा आवाज आला की मी पळताना बाजूला व्हायची. वाटायचं, ही लई लांब जाणार."

मलाही तसंच वाटायचं गं.

माझी तक्रार नाही. तो गतिरोधक फोडू नका. पण गावच्या लेकीला वेळेवर पोचवायचं जाहीर कराल, तेव्हा माझ्यासारखी दुसरी आणू नका. ते तीन किलोमीटर नीट करा आणि सकाळची एक बस मागून घ्या. ती येईल तेव्हा मी तिच्या आड येणार नाही. आणि दादा, कोंबडी अंड्यांवर बसली आहे. एकवीस दिवस मला सुरू करू नका.