बाळूच्या हातची खिचडी

भास्करकाकांनी भाजीची पिशवी ओट्यावर पालथी केली आणि निवडायला घेतलं. गवार, कारली, अळूची पानं त्यांनी आपल्याकडे ओढली. बटाटे, टोमॅटो आणि हिरव्या मिरच्या बोटाच्या टोकाने पलीकडे लोटल्या.

"हे श्राद्धाला चालत नाही. तिखटाला मिरी घाल."

"घालते," नयना म्हणाली.

पिशवीतून शेवटी पावाची लादी निघाली. काकांचा हात तिथेच थांबला.

"बाबांच्या पानावर एक पाव आणि वाटीभर उसळ ठेवणार आहे," नयनाने सांगितलं. "बाकी सगळं तुम्ही म्हणाल तसं."

काकांनी मोरीवर जाऊन हात धुतले, पंच्याला पुसले आणि खुंटीवरचा सदरा काढून घालायला लागले. "मग गुरुजींना फोन करून सांग, श्राद्धाला बसायला घरात पुरुष नाही म्हणून."

बाळकृष्ण राऊतांना जाऊन आज वर्ष झालं होतं. बायको आधीच गेलेली, मुलगा नाही, एकुलती एक मुलगी नयना, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. श्राद्धाला मुलीने बसलेलं नयनाला चाललं असतं. पण वडील शेवटच्या आजारात थोरल्या भावाबद्दल पुनःपुन्हा एकच म्हणत होते, दादा आहे, दादा माझं सगळं करील. त्या भरवशावर ते गेले होते. नयनाने पाव उचलून बाल्कनीत ठेवला. काकांनी सदरा पुन्हा खुंटीला अडकवला.

पावाचं वैर राऊतांच्या घरात जुनं. मूळ वस्ती वसईची. तिथे फिरंग्यांचं राज्य असताना गावच्या विहिरीत कोणी पाव टाकला, आणि ते न कळून जे पाणी प्याले ते सगळे बाटले. तेव्हाच्या दोघा राऊत भावांतला थोरला प्यालेला, धाकटा नाही. धाकटा त्याच रात्री बायकामुलं घेऊन निघाला. त्याचे वंशज पुढे गायकवाडांच्या फौजेबरोबर बडोद्याला आले आणि इथलेच झाले. तेव्हापासून या घरात पाव येत नाही. काका ही गोष्ट दर दसऱ्याला सांगत आणि सांगताना ताठ बसत. मागे राहिलेल्या थोरल्याचं काय झालं, हे नयनाने लहानपणी एकदा विचारलं होतं. त्याचं काय व्हायचंय, असं उत्तर आलं. भावाला मागे टाकून निघून जायची त्या घराला सवयच असावी, असं तिला पुढे मोठेपणी वाटायला लागलं.

नोकरी होती त्या मकरपुऱ्यातल्या कंपनीला टाळं लागलं तेव्हा बाळकृष्ण पंचेचाळिशीचे होते. त्यांनी प्रतापनगरच्या नाक्यावर सेवउसळीची लारी, म्हणजे हातगाडी, लावली. पांढरे वाटाणे, उकडलेला बटाटा, वरून लालभडक तरी, मूठभर शेव आणि दोन पाव. रेल्वेच्या वर्कशॉपमधली माणसं सुटी झाली की सायकली टेकवून भोवती उभी राहत. "बाळुभाई, तरी जरा वधारे नाखजो," असा पुकारा होई आणि बाळुभाई पळीभर तरी जास्त घालत. लारीवर गुजरातीत ठसठशीत पाटी होती: राऊत सेवउसळ.

काका तेव्हा सरकारी कचेरीत मोठ्या जागेवर होते. विकायचीच असेल उसळ तर पोळीबरोबर वीक, असं त्यांनी भावाला बजावलं. "दादा, पोळी खायची असेल तर ते घरी नाही का जाणार?" एवढंच बाळकृष्ण म्हणाले. त्यानंतर काकांची स्कूटर प्रतापनगरच्या नाक्यावरून जायची बंद झाली. शर्वरीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांशी ओळख करून दिली ती अशी, की हा माझा धाकटा भाऊ, केटरिंगच्या लाइनमध्ये आहे. बाळकृष्णांनी हसून हात जोडले. त्यांच्या बोटांना हळदीचा पिवळा रंग होता, तो त्यांनी मुठीत लपवला हे नयनाने पाहिलं.

श्राद्ध रीतसर झालं. पानावर तांदळाची खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी. मिरचीचं बोटही कशाला लागलं नव्हतं. हे पान कोणत्याही माणसाचं असू शकलं असतं. काकांनी पिंडावर पाणी सोडलं तेव्हा त्यांचे डोळे भरले, आणि ते खोटं नव्हतं, याचाच नयनाला जास्त त्रास झाला.

निघताना जिन्यात ते थांबले. "उद्या एकादशी. सकाळी येतो. खिचडी कर. बाळू करायचा तशी."

काकू गेल्यापासून ही त्यांची रीत होती. दर एकादशीला गोत्रीच्या आपल्या घरून रिक्षाने येत आणि धाकट्याच्या हातची साबुदाण्याची खिचडी खाऊन जात. घरातली चूल, उपासाचा पदार्थ, त्याला विटाळ नाही. बाळकृष्णांनी त्यासाठी वेगळी कढई घेतली होती. लारीवरची लाल तरी त्या कढईला कधी लागली नाही. आदल्या रात्री साबुदाणा भिजवताना ते दोनदा उठून बघत.

एकदा एकादशीच्या सकाळी ते बटाटे सोलत बसले होते आणि नयना नुकतंच वाचलेलं सांगत होती. बटाटा, मिरची, शेंगदाणा, साबुदाण्याचा कंद, सगळं समुद्रापलीकडच्या मुलखातलं. तिथे सोनं शोधायला गेलेल्या स्पेनच्या आणि पोर्तुगालच्या लोकांनी तिथली माणसं मारली, उरली त्यांना राबवलं, आणि त्यांच्या शेतातलं हे सगळं गलबतांत भरून जगभर नेलं. आपल्या किनाऱ्यावर ते फिरंग्यांनीच उतरवलं. ज्यांनी पाव आणला त्यांनीच.

बाळकृष्ण इतके हसले, की त्यांना सुरी खाली ठेवावी लागली. "म्हणजे दादा उपासाला फिरंग्याचंच जेवतो की गं." मग पुन्हा सुरी उचलली. "त्याला सांगू नकोस हां. तेवढं एकच तो माझ्या हातचं खातो."

तिने शब्द दिला आणि कधीच सांगितलं नाही.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले, पंख्याखाली बसले, पेपर उघडला. नयना समोरच जमिनीवर बटाटे सोलत होती. काल बाल्कनीत ठेवलेला पाव सकाळी तिनेच गाईला घातला होता. वडिलांना दिलेला शब्द तिला आठवत होता. पण शब्द ज्याच्यासाठी राखायचा तो माणूस आता राहिला नव्हता.

"काका, हा बटाटाही फिरंग्यांनीच आणलाय. मिरची, शेंगदाणे, साबुदाणासुद्धा."

काकांनी पेपर खाली केला नाही. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"शाळेत असल्यापासून. इतिहासाला होतं आम्हाला."

तिचा हात थांबला. "मग पावाचंच काय होतं?"

आता त्यांनी पेपराची घडी घातली, सावकाश. "उपास माणूस घरात बसून करतो, नयना. कोण बघायला येतं? तो नाक्यावर उभा राहून पाव विकत होता. वर पाटी, आपल्या आडनावाची. सगळं बडोदं बघत होतं."

"बाबांना वाटायचं, तुम्हाला हे माहीत नाही. तुम्ही खिचडी सोडाल म्हणून जन्मभर घाबरले ते."

काकांनी घडी केलेला पेपर बाजूला ठेवला. "मी कसा बोलणार? माहीत आहे म्हटलं असतं, तर तो म्हणाला असता, मग दादा, पावही खा."

"हो. तेच म्हणाले असते."

"मग?" काका म्हणाले. मग जरा वेळाने, नेहमीच्या आवाजात, "मिरची दोन जास्त घाल. कालचं फार सपक झालं होतं."

नयनाने सुरी खाली ठेवली. सोललेले बटाटे पाण्यात टाकले, हात पुसले आणि दार उघडलं.

"खिचडी होणार नाही आज. वाटेत काहीतरी खाऊन घ्या."

"वाटेत?"

"रस्त्यावर सगळं मिळतं."

त्यांना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते उठले, चपला घालताना भिंतीचा आधार घेतला. ते जिना उतरून गेले.

बाल्कनीतून प्रतापनगरचा नाका दिसतो. बाबांच्या लारीच्या जागी आता दुसऱ्या कोणाची लारी लागते, सकाळी पोहे आणि पाववडे. वर्कशॉपला जाणारी माणसं उभ्याउभ्या खात होती. काका तिथे पोचले आणि लारीकडे पाठ करून उभे राहिले. ऊन चढायला लागलं होतं. भरलेल्या रिक्षा येत होत्या आणि जात होत्या. प्रत्येकीला ते हात करत होते.