ओल्या फडक्याखालचं फूल

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. माझ्या तोंडावर पाच पाकळ्यांचं एक फूल कोरलेलं आहे आणि पाठीवर बुरशीचा काळा डाग आहे. तो कितीही घासला तरी जात नाही. सगळे जण फुलाचं कौतुक करतात, डागाचं कोणी विचारत नाही. आज मी डागाचीच गोष्ट सांगणार आहे.

माझा जन्म एका मोडक्या पलंगाच्या पायातून झाला. सुतारकाकांनी तो कापला, घासला आणि बारीक पटाशीने माझ्यावर फूल काढलं. शेवटच्या पाकळीला पटाशी जरा सटकली आणि ती पाकळी आखूड राहिली. काका म्हणाले, "राहू दे, दुसरा करून देतो." पण ज्या मुलीसाठी मी बनलो होतो, तिला कुठला दम निघायला! "नको काका, हाच द्या. मला आत्ताच हवाय," म्हणाली आणि मला मुठीत धरून पळत सुटली. ती कुंभाराची थोरली लेक. घरात तिला सगळे थोरली म्हणत आणि धाकटीला धाकटी.

त्या घराचा पुढचा भाग म्हणजे कामाची खोली. बाबा चाकावर कप, वाडगे, बरण्या घडवायचे. आई त्यांना झिलई द्यायची. मागच्या पडवीत धाकटी साबण करायची. आणि थोरली मधल्या फळीपाशी बसून कपांवर फुलं उठवायची. माती ना फार ओली, ना फार कोरडी अशी झाली, की ती माझ्या तोंडावरून तेलाचं बोट फिरवायची आणि ठप! एक फूल. कप थोडा फिरवायची आणि ठप! दुसरं. हात चालायचा तसं तोंडही चालायचं. बाबा म्हणायचे, "अगं, जरा श्वास घे, मातीलासुद्धा झोप येईल." ती हसायची आणि आणखी जोरात बोलायची.

धाकटी अधूनमधून मला मागायला यायची. तिलाही साबणावर फूल हवं असायचं. थोरली तिला चिडवायची, "तुझा साबण दोन आठवड्यांत विरघळणार. माझ्या फुलाला का उगाच बुडवतेस?" पण रागावू नका तिच्यावर. धाकटी हिरमुसून निघाली, की ही स्वतःच मागे जाऊन साबणाच्या वड्यांवर फुलं उठवून यायची. साबण कच्चा असेल तर मी चिकटायचो, फार वाळला असेल तर वडीला तडा जायचा. त्या दोघी मग एकमेकींवर खापर फोडायच्या. खरं सांगतो, मला ते भांडण फार आवडायचं.

मग थोरलीला ताप आला. अंगावर काढला तिने. एक उंच कप फळीवर होता, त्यावर चार फुलं यायची होती. तीन झाली आणि तिला बसवेना. तिने कपाच्या तोंडावर ओल्या फडक्याची जाड घडी टाकली, कडा खाली सोडल्या आणि मला कपाशेजारी त्याच फडक्याखाली ठेवलं. कुंभाराच्या घरात अर्धं राहिलेलं काम असंच झाकतात. फडकं ओलं असेपर्यंत माती वाळत नाही, कामाची वाट बघत थांबते. दवाखान्यात जाताना ती दारातून वळून म्हणाली, "आई, फडकं ओलं ठेव हं. कप वाळू देऊ नकोस. मी आले की चौथं फूल काढते."

ती आली नाही.

घर कसं झालं, ते मी पाहिलं नाही. मी फडक्याखाली होतो, मला फक्त ऐकू यायचं. चाक कित्येक दिवस बंद होतं. लोक यायचे, हळू आवाजात बोलायचे, जायचे. पण रोज सकाळी एक पाऊल फळीपाशी यायचं आणि फडक्यावर पाणी पडायचं. आई. ती फडकं उचलून कधी बघायची नाही. वरूनच पाणी शिंपडायची आणि सांगायची, "ओलं आहे बरं का. अगदी तू सांगितलंस तसं."

पाणी झिरपत माझ्यापर्यंत यायचं. आधी मी फुगलो. मग माझ्या पाठीवर काहीतरी मऊ मऊ उगवायला लागलं. अंधारात मला सारखा भास व्हायचा, की माझ्या दांड्यावर तिचा अंगठा टेकलाय आणि आता मी उचलला जाणार. कोणी जवळून गेलं तरी काळजात धस्स व्हायचं. लाकडाला काळीज नसतं म्हणता? एवढे महिने कोणाची वाट बघून पाहा, मग बोला.

बाबांनी पुन्हा काम सुरू केलं, पण कप कोरेच ठेवले. त्यांची पावलं त्या फळीला वळसा घालून जायची. एकदा ते आईला म्हणाले, "किती दिवस ओला ठेवणार आहेस तो कप? मातीलाही काही मर्यादा असते." आई ताडकन म्हणाली, "तिने सांगितलंय. वाळला आणि ती आली तर?" बाबांचं चाक पुन्हा फिरायला लागलं. ती येणार नाही हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आईलासुद्धा. पण तिच्या तोंडावर म्हणायची कोणाची छाती होत नव्हती.

म्हणाली नाही धाकटीही. तिने एक दिवस फक्त फडक्याची कड उचलली आणि मला ओळखलंच नाही. मी काळानिळा पडलो होतो, दांड्याला चीर गेली होती. "अगं बाई, हा तर कुजला," ती पुटपुटली. तिने मला मागे नेलं, दात घासायच्या जुन्या ब्रशने खसाखसा घासलं आणि सावलीत वाळत ठेवलं. मी नीट कोरडा झाल्यावर दुपारच्या वेळी ती साबणाच्या ताज्या वड्यांपुढे बसली. तिने तेलाचं बोट फिरवलं, अगदी ताईसारखं, आणि ठप!

मित्रांनो, तो आवाज घरभर गेला.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. आई ओल्या हातांनी धावत आली. "आलीस? आलीस का गं?" दारात येऊन ती थबकली. समोर धाकटी होती. आईच्या चेहऱ्यावरचा आनंद मी पाहिला आणि तो विझतानाही पाहिला. तो धाकटीनेही पाहिला, हेच वाईट.

"तिच्या वस्तूला हात का लावलास?" आई ओरडली.

"कुजत होता गं तो! आणि मी आले तर कधी अशी धावत येतेस का? मीपण आहे ना या घरात!" धाकटी रडायला लागली.

आईने ऐकलं की नाही, कोण जाणे. ती तशीच फळीकडे धावली. कप सुकला तर नाही ना, याच भीतीने तिने पहिल्यांदा संपूर्ण फडकं उचललं. बाबाही चाक सोडून उठले. धाकटी मला घेऊन मागोमाग आली, म्हणून मलाही दिसलं. कपावर काळपट बुरशी होती आणि जिथे तीन फुलं होती, तिथे तीन खळगे उरले होते. ना पाकळी, ना देठ.

"फुलं कुठे गेली?" आईने विचारलं. "कोणी पुसली?"

बाबा हळूच म्हणाले, "कोणी नाही पुसली गं. पाण्याने गेली. रोजच्या पाण्याने."

आई फळीपाशी बसली आणि एका खळग्यावरून तिने बोट फिरवलं. आपण इतके दिवस काय करत होतो, ते तिला एका क्षणात कळलं. ती म्हणाली, "मग चौथं तरी काढा. तेवढं तिचं राहिलंय."

"तूच काढ," बाबा म्हणाले. धाकटीने मला आईच्या हातात दिलं. आयुष्यभर तिने झिलई दिली होती, ठसा कधी धरला नव्हता. तिने मला कपावर टेकवलं, तसे बाबा म्हणाले, "थांब, असं नको. डावा हात आत घाल. जिथे ठसा दाबशील, तिथे आतून बोटांचा आधार दे, नाहीतर भिंत आत जाईल."

आईने हात कपात घातला. जागा शोधत तिची बोटं आतून फिरली आणि एकदम थांबली.

"अहो," ती म्हणाली. "इथे बोटं आहेत."

बाहेरून पाणी ओघळत होतं, पण घडी तोंडावर असल्यामुळे आत थेंबही गेला नव्हता. प्रत्येक फुलाच्या मागे, थोरलीने आधार दिला होता तिथे, तिच्या दोन बोटांच्या खुणा जशाच्या तशा होत्या. नखाची कडसुद्धा. मी बाहेरचा. आतून कोणीतरी धरून आहे, एवढं मला कळायचं. पण मी माझ्याच पाकळ्यांच्या दिमाखात असायचो. आईची बोटं त्या खुणांत बसली. ती रडली नाही. डोळे मिटून नुसती बसून राहिली.

मग तिने धाकटीचा हात धरला आणि कपात घातला. "बघ, ही तुझी ताई," एवढंच म्हणाली. धाकटीची बोटं जरा बारीक होती, पण तीही बसली.

चौथं फूल काही आईने काढलं नाही. मला तिने धाकटीच्या हातात दिलं, ओलं फडकं पिळलं आणि दोरीवर टाकलं. "वाळू दे आता," ती म्हणाली. जरा वेळाने पडवीत जाऊन तिने साबणाची ती एक वडी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, "छान उठलंय गं तुझं फूल."

कप सावकाश वाळला, भट्टीत गेला आणि धड बाहेर आला. भट्टीत बुरशी जळून गेली, आतल्या बोटांच्या खुणा तशाच राहिल्या. मी आता पडवीत असतो. साबणावरची माझी फुलं लोकांच्या हातांवर झिजून जातात. थोरली म्हणायची ते खरं होतं, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. कधी कधी मात्र धाकटी मला उचलते, तेव्हा दांड्यावर एकाच्या जागी दोन अंगठे टेकल्यासारखं वाटतं. मी कोणाला सांगत नाही.

म्हणून मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू झाकून ठेवू नका. ती घासा, पुसा, कामाला लावा. ठशाला काम झाल्यावर सावलीत वाळवा, कारण उन्हात आम्ही तडकतो. आणि तुमच्या घरात कोणी एखादा कप आतून धुवायला फार वेळ लावत असेल, तर नळ बंद कर म्हणून ओरडू नका.