फ्रिजमागचा ट्रे

सप्टेंबरच्या पंधरा दिवसांत मुलुंडच्या त्या सोसायटीत तिघांना डेंग्यू झाला, आणि सगळ्यांची बोटं वळली ती दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या तेजलकडे. सेक्रेटरी अनिरुद्ध सामंत तर जिन्यातच म्हणाले, "भाडेकरूंना घर आपलं वाटत नाही ना, म्हणून घाण साचते."

संध्याकाळी घरमालक नंदकुमारकाकांचा फोन. "तेजल, घरात रोगराई होऊ न देण्याची जबाबदारी तुझी, करारातच आहे. सोसायटीची तक्रार आलीय. ती खरी निघाली तर घर सोडावं लागेल हं."

तेजलचं डोकंच फिरलं. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी ती. तिला स्वच्छता शिकवणार? तरी रविवारी तिने टॉर्च घेऊन घर पालथं घातलं. कुंड्या, बादल्या, सगळं कोरडं ठणठणीत. शेवटी फ्रिज ओढला. मागच्या ट्रेमध्ये पाणी, आणि पाण्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या.

गुपचूप ओतून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण शेजारच्या उत्तरामावशी डेंग्यूने अजून हॉस्पिटलात होत्या. तिने ट्रेचा फोटो काढला आणि अळ्या मराव्यात म्हणून पाणी तापलेल्या फरशीवर ओतायला गच्चीत गेली. तिथे टाकीचं झाकण फुटलेलं. आत टॉर्च मारला, तर अळ्याच अळ्या. तिने त्यांचाही फोटो काढला.

तिने दोन्ही फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. 'पहिला माझ्या घरातला. चूक माझी, ट्रे साफ केलाय. दुसरा गच्चीतल्या टाकीचा, आणि ती आपल्या सगळ्यांची.'

दहा मिनिटांत गच्ची भरली. सामंत स्वतः टाकीत डोकावले.

"सामंतकाका, आता प्रत्येकाने आपापला फ्रिज ओढायचा," तेजल म्हणाली. "तुमच्यापासून सुरुवात."

नऊ घरांत अळ्या निघाल्या. पहिलं घर सामंतांचंच. "वाट लागली!" म्हणत त्यांनी स्वतः ट्रे घासला, त्याच दिवशी टाकी उपसून नवं झाकण बसवलं.

महिनाभर दर रविवारी तेजल ट्रे तपासत घरोघर फिरली. नवा ताप कुणालाच आला नाही. नंदकुमारकाकांनीही घर सोडण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मग महापालिकेचा माणूस तपासणीला आला. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत त्याला एकही अळी सापडली नाही.

"कोणी केलं हे?" त्याने विचारलं.

"आमच्या तेजलने," सामंत सगळ्यांदेखत म्हणाले. बऱ्या होऊन परतलेल्या उत्तरामावशींनी टाळ्या सुरू केल्या, आणि जिना दणाणून गेला.